मस्तगडचे चार गिरणीमालक

मला इंग्रजी येतं, ही अफवा मस्तगडात मीच पसरवली होती.

त्यात फारसं खोटं नव्हतं. (थोडं होतं. ते पुढे येईलच.) माझी सगळी शाळा उर्दूतून झाली. राज्यच निजामाचं, तर शाळा दुसऱ्या कुठल्या भाषेत असणार? शाळा संपवून जालन्याच्या तहसील कचेरीत चिकटलो आणि दहा वर्षं अर्ज, नकला, रजिस्टरं सगळं उर्दूत लिहीत राहिलो. मग निजामाचं राज्य गेलं आणि कचेरीची हवाच पालटली. नवे साहेब कागदावर इंग्रजीत शेरे मारू लागले. मी ताबडतोब तीस दिवसांत इंग्रजी शिकवणारं एक पुस्तक विकत आणलं आणि तीन वर्षांत त्यातल्या अकराव्या दिवसापर्यंत पोचलो! पण पुस्तक काखेत मारून मी रोज आमच्या मस्तगड आळीतून कचेरीत जात असे. बघणाऱ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. मीही त्यांना अडवलं नाही.

एवढ्या इंग्रजीवर माणूस सुखानं पेन्शनीत गेला असता. पण मध्येच आम्ही गिरणीमालक झालो.

झालं असं, की आमच्या घरासमोरच्या सखाराम कापडवाल्याच्या दुकानात मुंबईहून एक फिरता दलाल आला. धोतरजोड्यांचे नमुने दाखवता दाखवता त्यानं ती धोतरं विणणाऱ्या गिरणीचे शेअरही दाखवले. जाड गुळगुळीत कागद, कडेनं वेलबुट्टी, खाली तीन-तीन सह्या! सखारामनं घेतले. सखारामचे बघून पेशकारसाहेबांनी घेतले. पेशकारसाहेब म्हणजे आमच्याच कचेरीतून निवृत्त झालेले अधिकारी. अजून शेरवानी घालत, एरवी उर्दूत बोलत आणि फारच रागावले की मराठीत. त्यांचे बघून मी घेतले. आणि मी घेतले म्हणून तीर्थपुरीच्या माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी घेतले. त्या साली मामांची मोसंबी चांगली झाली होती. "जावई कचेरीत हाय, त्याला इंग्रजी येतं, त्यो चुकंल का कधी?" असं ते तीर्थपुरीच्या बाजारात चारचौघांत सांगत.

शेअर मूठभर, पण आमचा थाट मालकाचा! पेशकारसाहेब रोज सखारामच्या गादीवर बसून धोतराच्या पानाला हात लावत आणि विचारत, "ये अपनाच माल है ना?" दुसऱ्या गिरणीचं धोतर नेसून कुणी समोरून गेला तर आम्ही चौघं त्याच्याकडे दुखावल्यासारखे पाहत असू. मामांनी तर एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "जावईबापू, आपल्या गिरणीचा भोंगा मुंबईत लांबवर ऐकू येतो का?" मी म्हणालो, येतो. मामांना फार बरं वाटलं.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझे शेअर माझ्या पैशाचे नव्हते. ते माझ्या बायकोच्या, कुसुमच्या पैशाचे होते. कुसुम आळीतल्या बायकांची पोलकी हातानं शिवून देत असे. चार वर्षं बोटांना सुया टोचून घेऊन तिनं शिवणाच्या मशीनसाठी पैसे साठवले होते. मशीनची जागासुद्धा ठरलेली! खिडकीखाली दोन हात भुई तिनं मोकळी ठेवली होती. तिथं मी जोडे काढायचे नाहीत, पाहुण्यांनी पिशवी ठेवायची नाही. रोज सकाळी ती त्या मोकळ्या जागेचा केर वेगळा काढत असे.

"पैसे देते," ती म्हणाली होती, "पण दिवाळीला मशीन आलं पाहिजे."

"अगं, एक काय, दोन येतील!"

"दोन नगं. एकच आणा, पण आणा."

गिरणीच्या भावाची बातमी आम्हाला दलालाच्या कार्डावरून कळे, तीही आठवड्यातून एकदा. पेशकारसाहेबांना हे खटकू लागलं. "भाव रोज बदलते, और हमको हफ्त्याला मालूम पडते. ये कैसी मालकी?" मग चौघांनी वर्गणी काढून मुंबईचं एक इंग्रजी वर्तमानपत्र सहा महिन्यांसाठी लावलं. त्यात रोज शेअरबाजाराचं अख्खं पान असतं म्हणे. ते रेल्वेनं जालन्याला पोचायचं दुसऱ्या दिवशी दुपारी आणि त्यात भाव असायचा त्याच्याही आदल्या दिवसाचा. म्हणजे दोन दिवसांचा शिळा भाव आम्हाला रोज ताजा मिळणार होता! वाचणार कोण, हा प्रश्नच नव्हता. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी चेहऱ्यावर अकराही दिवस आणले.

पहिला अंक एका बुधवारी आला. पेशकारसाहेब शेरवानी घालून टांग्यानं स्टेशनवर गेले आणि तो मांडीवर घेऊन आले. मामा सकाळच्या मोटारीनं तीर्थपुरीहून मोसंब्यांची पिशवी घेऊन हजर होते. सखारामनं गादीवर नवीन चादर अंथरली, अंकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बाहेर पाच-सात बघे जमले. मी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि पान उघडलं.

मुंगीएवढ्या अक्षरांच्या ओळीच ओळी! तरी पंधरा मिनिटांत मी आमच्या गिरणीचं नाव शोधून काढलं. (तिघांनी टाळ्या वाजवल्या.) नावापुढे आकड्यांचे दोन रकाने होते. रकान्यांच्या डोक्यावर काही बारीक इंग्रजी शब्द होते. ते बहुधा माझ्या बाराव्या दिवसाच्या धड्यात असावेत. पण भाव रोजचा आहे, तेव्हा एक रकाना आधीचा आणि दुसरा नंतरचा, एवढं कुणालाही कळलं असतं. मी ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं,

"आधीचा भाव, एकशे चौदा!"

"वा!" सखाराम म्हणाला. "कार्डात तर नव्वद होता!"

"आताचा भाव..." माझं बोट सरकलं आणि आवाज बसला, "ब्याण्णव."

मामांनी मोसंब्यांची पिशवी जवळ ओढली.

"बावीस रुपये गेले?" मामांनी विचारलं.

"गेले, मामा."

"एका दिसात? कुठं गेले?"

"खाली."

"म्हंजे आपला भाव एकशे चौदा झाल्ता," सखाराम कपाळाला हात लावून म्हणाला, "आन् आपल्याला पत्ता न्हाई! श्रीमंत झालो ते कळलं न्हाई, गरीब झालो ते जल्दी कळलं!"

"पेपर लावनाच न्हवता," पेशकारसाहेब मराठीत म्हणाले, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते आम्हाला कळलं.

मग चर्चा सुरू झाली. भाव कोसळला कशानं? सखारामच्या मते लोक पायजमे घालू लागले, त्याचा हा परिणाम. पेशकारसाहेबांच्या मते नवीन सरकारला कारभार जमत नव्हता. मामांनी धोतराचं एक पान उलटसुलट करून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "गिरणीत कापूस असतो. आग तर न्हाई ना लागली?"

हे वाक्य बाहेरच्या बघ्यांनी ऐकलं. अर्ध्या तासात मस्तगडच्या टोकापर्यंत बातमी गेली, की आपली गिरणी जळाली. एक गिऱ्हाईक सकाळीच नेलेला धोतरजोडा परत घेऊन आलं.

"सखारामशेट, ह्ये वापस घ्या. जळक्या गिरणीचा माल आमाला नगं."

"अरे, हा माल जळायच्या आधीचा हाय!"

"वास येऊन राह्यला ना!"

सखारामनं धोतर हुंगलं. पेशकारसाहेबांनी हुंगलं. मीही हुंगलं. खरं सांगतो, तिघांनाही थोडा थोडा वास आला!

"एका दिसात बावीस," मामा बोटं मोजत म्हणाले. "उद्याच्याला अजून बावीस. चार-पाच दिसात तर गिरणीच आपल्याकडं पैसे मागायला येईल! जावईबापू, तुम्ही सांगा. इकू का ठिवू?"

तिघंही पुन्हा माझ्याकडे पाहू लागले. मामांच्या डोळ्यांत वर्षभराची मोसंबी दिसत होती. मी चष्मा काढला, वर्तमानपत्राची घडी घातली आणि मोठ्या अनुभवी माणसासारखं म्हणालो, "विका. आत्ता विका. कागद मागून टपालानं पाठवू."

तारऑफिस पाचला बंद व्हायचं. आम्ही चौघं अक्षरशः पळत निघालो. शेरवानी घातलेला माणूस पळताना मस्तगडानं तोवर पाहिला नव्हता, त्यामुळे गिरणी जळाल्याची उरलेल्यांचीही खात्री पटली. तारऑफिसात मी तीन फॉर्म भरले. सगळे विकून टाका, एवढ्याच मजकुराला माझं इंग्रजी पुरून उरलं. चौथा फॉर्म, माझा, तेवढा हातात राहिला. माझ्या शेअरची खरी मालकीण घरी होती. तिला न विचारता विकायची माझी छाती नव्हती. "आलोच," म्हणून मी घराकडे वळलो.

घरात शेजारच्या गोदाकाकू पिठलंभाकरी झाकून घेऊन बसल्या होत्या. "आज तुमच्याकडं काई चूल पेटायची न्हाई, म्हनून आनलं," असं मला दुःखानं सांगून त्या उठून गेल्या. कुसुम गळ्यात टेप अडकवून खिडकीपाशी उभी होती.

"अहो, गिरणी खरंच जळाली?"

"जळाली नाही. पण भाव पडला. एकशे चौदाचा ब्याण्णव."

ती मटकन खाली बसली. तेवढ्या धक्क्यातही मशीनच्या मोकळ्या जागेवर मात्र बसली नाही. मला फार वाईट वाटलं. तिच्या बोटांच्या टोकांकडे मला बघवेना.

"कुठं लिहिलंय ते दाखवा बरं," ती म्हणाली.

मी पान पसरलं, ओळ दाखवली. तिला इंग्रजी अक्षर एक येत नव्हतं. आकडे मात्र येत होते, कारण टेपवरचे इंग्रजी आकडे मीच तिला शिकवले होते. (आयुष्यात मी केलेलं हे एकमेव संपूर्ण शिक्षणकार्य.) तिनं गळ्यातली टेप काढून सरळ त्या ओळीखाली धरली, जशी कापडावर धरते तशी.

"हे तर आधी ब्याण्णव हाय. मंग एकशे चौदा."

"नाही गं. आधी एकशे चौदा, मग ब्याण्णव."

"असं कसं? माझी टेप इकडून चालती. एक, दोन, तीन. इंग्रजी सगळं डावीकडूनच चालतं, तुम्हीच सांगितल्तं ना?" तिनं वर पाहिलं. "तुम्ही उजवीकडून कामून वाचून राह्यले?"

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. उर्दू रजिस्टरात पहिला रकाना उजव्या हाताला असतो. दहा वर्षं माझं बोट रोज सकाळी उजव्या कडेला टेकून डावीकडे चालत आलं होतं, आणि आज सखारामच्या गादीवरही ते सवयीनं तसंच चालत आलं होतं! भाव पडला नव्हता. भाव बावीसनं चढला होता.

"कुसुम!" मी उडी मारली. "अगं, आपण श्रीमंत झालो!"

"मंग विका," ती लगेच म्हणाली. "मशीन येईल."

"वेडी का काय तू? चढत्या भावात कोणी विकतं का? आज बावीस चढला, उद्या अजून बावीस!" (मामांचाच हिशोब, फक्त उलट्या दिशेनं.) "दिवाळीपर्यंत दोन मशीनं..."

"मी एकच म्हणल्तं," कुसुम म्हणाली.

पण मी तिचं ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. मी माझा तारेचा फॉर्म टराटरा फाडला. आणि फाडताना मला बाकीचे तीन फॉर्म आठवले.

मी एका पायात माझी आणि एका पायात कुसुमची चप्पल घालून तारऑफिसकडे धावलो.

"मास्तर, त्या तीन तारा?"

"गेल्या."

"वापस बोलावता येतील?"

तारमास्तरनं माझ्या पायांकडे पाहिलं. "तार हाय ती. बैल न्हाई, हाक मारली की वापस यायला."

बाहेर पायरीवर तिघं गिरणीमालक ओळीनं बसून मोसंबी सोलत होते. आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी सोललेल्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या. मग ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही होते म्हणून एवढे तरी वाचले."

मी तोंड मिटलं. लाज वाटली, मनापासून वाटली, पण उघडलेलं तोंड मिटायला मोसंबीची फोड फार सोयीची पडली.

दुसऱ्या दिवशीपासून मला ताप आला. तो कपाळाला लागत नसे, पण पेशकारसाहेब नवीन अंक घेऊन आले की चढत असे. "जरा एक नजर तो डालो," ते म्हणत, आणि मी डोळ्यांपुढे अंधारी आल्याचं सांगून भिंतीकडे तोंड करत असे. कुसुम दारात उभी राहून गंभीरपणे सांगे, "डावा डोळा चांगला हाय. उजव्यानं घात केला."

शनिवारी दुपारी आमच्या दारात गलका झाला. मला वाटलं, आले मारायला! मी पांघरूण डोक्यावर ओढलं. बघतो तर सखारामच्या हातात हार, मामांच्या हातात पेढे आणि पेशकारसाहेबांच्या हातात दलालाची तार. तिघांचेही शेअर गुरुवारी एकशे सोळानं विकले गेले होते!

"ब्याण्णवचा माल एकशे सोळाला!" सखाराम ओरडला. "मास्तरकडून तीनदा वाचून घेतलं! काय हो ही अक्कल!"

"आज पडला तर उद्या उसळणार, ह्ये तुमाला पेपर पाहूनच कळल्तं, बराबर ना?" मामांनी विचारलं.

मी पांघरुणातून डोकं बाहेर काढून नुसता हसलो. ते हसू फार खोल आहे, असं त्यांना वाटलं.

"आन् तुमचे कितीला गेले?"

"माझे... मी ठेवले."

"ठिवले? कामून?"

मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. पण पेशकारसाहेबांचे डोळेच भरून आले. "समझे नहीं तुम लोग? पहले हमको बाहर निकाला. जहाज का कप्तान आखिर में उतरता है!" असं म्हणून त्यांनी तो हार माझ्या गळ्यात घातला. कुसुम दारामागे गेली. ती रडते आहे असं मामांना वाटलं. ती पदर तोंडात कोंबून हसत होती.

कप्तान मात्र जहाजावरच राहिला. गिरणी फुकट शेअर वाटणार अशी कुणीतरी मुंबईत हूल उठवली होती, त्यावर भाव चढला होता. हूल विरली. माझा ताप उतरला आणि त्याच्याबरोबर भावही उतरू लागला. आता मी आणि कुसुम रोज पान पसरत होतो, टेप लावून, डावीकडून. एकशे आठ. सत्त्याण्णव. ब्याऐंशी. एकाहत्तर. बरोबर वाचलं तरी भाव खालीच जातो, हा मला नवीनच अनुभव होता. कुसुम मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त खिडकीखालच्या मोकळ्या जागेचा केर सकाळी जरा जास्त आवाज करत काढू लागली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दारात एक हातगाडी थांबली. गाडीबरोबर मामा चालत आले होते, आणि गाडीवर काळंभोर, सोनेरी वेलबुट्टीचं, पायानं चालवायचं शिवणाचं मशीन होतं.

"जावईबापूंनी समद्यांचं भलं केलं, सोताचं न्हाई पाह्यलं," मामा म्हणाले. "मंग त्यांच्या घरचं आमी न्हाई पाह्यचं तर कोन पाह्यचं? माज्या नफ्यातनं आनलं. न्हाई म्हनायचं न्हाई."

कुसुमनं मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि ती खरोखरच रडली. मग डोळे पुसून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं. मशीन त्या दोन हात जागेत बोटभरही कमीजास्त न होता बसलं. तिनं ती टेपनं मापूनच ठेवली होती ना!

वर्तमानपत्राची वर्गणी अजून चार महिने बाकी होती. शेअर विकून मोकळ्या झालेल्या तिघांना त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून अंक आमच्या घरी येत राहिला. पान मोठं, कागद दणकट. कुसुम त्यावर पोलक्यांचं कटिंग बेतू लागली. बाजारभावाच्या त्या पानातून नियमानं नफा काढणारी मस्तगडात ती एकटीच निघाली. माझे शेअर अजून ट्रंकेत आहेत. मामा अजून तीर्थपुरीच्या बाजारात माझं इंग्रजी सांगत असतात. त्या दिवशी मी काय वाचलं, हे कुसुमनं आजवर माहेरी सांगितलेलं नाही.

फक्त दर वेळी पान भुईवर पसरून, खडूनं खूण करून झाली, की ती कात्री हातात घेते आणि बाहेर बसलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात मोठ्या आदरानं मला हाक मारते, "अहो, तुम्हाला इंग्रजी येतं ना? सांगा बरं, कात्री कोणत्या बाजूनं घालू?"

आणि मी मुकाट्यानं बाराव्या दिवसाचा धडा उघडून बसतो.